गाव न विचारणाऱ्या बिरादार मॅडम

आमच्याकडे एसटीत दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की तिकीट फाटायच्या आत एकमेकांचं गाव विचारून मोकळी होतात. गावावरून आडनाव, आडनावावरून पाहुणे, आणि पुढचा थांबा येईपर्यंत कुणाची तरी मावससासू दोघांच्या ओळखीची निघते. नाही निघाली तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटतं. नांदेडला विद्यापीठात एम.ए.च्या पहिल्या दिवशी बिरादार मॅडम वर्गात आल्या, कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, की आजपासून दोन वर्षं समोरच्या समुपदेशनाच्या खोलीत आलेल्या माणसाला गाव विचारायचं नाही. पाणी द्यायचं, गाव विचारायचं नाही.

आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. तोवर आमच्यातल्या निम्म्यांनी उरलेल्या निम्म्यांची गावं विचारून झाली होती. क्लिनिकल आणि समुपदेशन मानसशास्त्र असं आमच्या कोर्सचं भारदस्त नाव होतं. आमच्या गावी ते कुणाला झेपायचं नाही, म्हणून मी ‘डोक्याच्या दुखण्याचं शिकते’ असं सांगायची, आणि ऐकणारा आधी माझ्याच डोक्याकडे बघायचा. तिथं जाऊन पहिला धडा हा मिळावा याचा मला थोडा रागच आला. गाव न विचारता माणसाशी बोलणं सुरू तरी कुठून करायचं?

मॅडम मूळच्या उदगीरच्या. यजमानांचं तिथं धान्याचं आडत दुकान. मॅडम आठवडाभर नांदेडला भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या बसनं घरी जायच्या. ठेंगण्या, सावळ्या, अंगावर बहुतेक वेळा इरकल साडी, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. कपाळावरची विभूतीची तीन बोटं सकाळच्या तासाला ठळक असायची, चार वाजेस्तोवर पुसट व्हायची. उजवा गुडघा दुखायचा म्हणून जिना चढताना त्या मध्येच थांबून खिडकीतून बाहेर बघत उभ्या राहायच्या. आम्ही मागून आलो की कडुनिंबावरचा एखादा पक्षी दाखवायच्या. पक्ष्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं, ते आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं.

समुपदेशनाच्या खोलीवर मात्र त्यांची करडी नजर असे. भिंतीवरचं घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे पाहिजे, म्हणजे आपण मनगटाकडे बघणार नाही आणि समोरच्याला ‘आता ऊठ’ असं वाटणार नाही. खुर्च्या समोरासमोर नकोत, जरा तिरक्या हव्यात, म्हणजे माणसाला नजर चुकवायला जागा मिळते. माणूस उठून गेला की पाच मिनिटं त्याच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. एकदा बालाजी नावाचा आमचा वर्गमित्र घाईत तिथं टेकला, तर त्याला हात धरून उठवलं. ‘अजून उठला न्हाई तो,’ एवढंच म्हणाल्या. बालाजी दिवसभर ती खुर्ची टाळून चालत होता.

बोलणं झालं की आम्ही त्याची नोंद लिहायची. कागदाला तीन रकाने. पहिल्यात तो काय म्हणाला, दुसऱ्यात आपण काय म्हणालो, आणि तिसऱ्या रकान्याला मॅडमनी नाव दिलं होतं ‘पोटात’. म्हणजे ते ऐकताना आपल्या पोटात काय झालं. गोळा आला, राग आला, झोप आली, काय असेल ते लिहायचं. पुस्तकात यासाठी मोठमोठे शब्द होते आणि परीक्षेत आम्ही तेच लिहीत होतो. पण मॅडम पेन्सिल घेऊन नोंद वाचायला बसल्या की सरळ तिसऱ्या रकान्यापासून सुरुवात करायच्या. रकाना रिकामा असला की पेन्सिल तिथं थांबायची, आणि मग आपली काही खैर नसायची.

त्यांची दुसरी शिकवण पहिलीच्या अगदी उलट होती. गाव विचारायचं नाही, पण मरण विचारायचं. पहिल्याच वर्षी त्यांनी आम्हाला जोड्याजोड्यांनी समोर बसवलं आणि एकमेकांना मोठ्यानं विचारायला लावलं, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ कुणाच्या तोंडून ते निघेना. आमच्या घरांतून संध्याकाळी असलं काही बोललं तर म्हातारी माणसं तोंडावर हात ठेवायला लावतात. मुली हसायला लागल्या. बालाजीनं ‘देव न करो, पण समजा’ अशी सुरुवात केली, तेव्हा मॅडम म्हणाल्या की देवाला मध्ये आणू नको, त्याला विचारायचं नाही, ह्याला विचारायचं आहे. दुसऱ्या एकीनं ‘वाईट विचार येतात का’ असं गुळमुळीत विचारलं. त्यावर, कॉपी करायचा विचारही वाईटच असतो, तू कोणता विचारतेस, असं त्यांनी तिला विचारलं. मग शांतपणे समजावून सांगितलं, की विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नसलेलं येत नाही. ज्याच्या डोक्यात आहे तो ते एकटा वागवत असतो. आपण नाव घेतलं की त्याला ते घटकाभर खाली ठेवता येतं.

माझी पाळी आली तेव्हा मी न अडखळता विचारलं. आवाजही कापला नाही. मॅडमनी मान हलवली आणि मी आठवडाभर तरंगत होते.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी आली. तिचं नाव लिहीत नाही, मॅडम असत्या तर लिहू दिलं नसतं. रेखा म्हणू. हे सगळं मी तिला विचारूनच लिहिते आहे. एकोणीस वर्षांची, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी दुसऱ्यांदा बसणारी, मुलींच्या एका होस्टेलवर राहणारी. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून घरच्यांनी साधा बटणांचा फोन दिलेला. पहिल्या खेपेला म्हणाली की झोप लागत नाही आणि वाचलेलं राहत नाही. मी पाणी दिलं, ऐकलं, नोंद लिहिली. सगळं कसं शिकवल्याप्रमाणे झालं.

दुसऱ्या खेपेला, एका शुक्रवारी, ती बराच वेळ पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत बसली आणि मग म्हणाली, “मॅडम, मी नसले तर घरचं सगळं सुरळीत होईल, असं वाटून राहिलं.”

वर्षभर घोटलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, “असं नसतं बोलायचं. गाव कोणतं गं तुझं?”

तिनं गाव सांगितलं. हदगावच्या अलीकडचं, आमच्याच रस्त्यावरचं. मी खुलले. आडनाव विचारलं, आजोळ विचारलं, आणि पाच मिनिटांत असं निघालं की सातवीत मला गणित शिकवणारे गुरुजी म्हणजे तिचे सख्खे मामा. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी गुरुजींच्या छडीच्या गोष्टी सांगितल्या. ती प्रत्येक गोष्टीला ‘हाव’ म्हणत नुसता होकार भरत होती. वेळ संपायला दहा मिनिटं असताना ती उठली. दारात थांबून म्हणाली, मामाला सांगू नका. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

शनिवारी मॅडम उदगीरला गेल्या. रविवारी मी आरामात, सुवाच्य अक्षरात नोंद लिहिली आणि सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, नेहमीसारखी तिसऱ्या रकान्यापासून सुरुवात केली आणि पेन्सिल थांबली. रेखाच्या त्या वाक्यासमोर तिसरा रकाना कोरा होता. पेन्सिल तशीच आडवी डावीकडे गेली, माझ्या ‘गाव कोणतं’वर क्षणभर टेकली. मी बोलणी खायची तयारी करत होते. मॅडमनी चष्मा काढून पिशवीत टाकला, गरम पाण्याचा स्टीलचा थर्मास घेतला आणि म्हणाल्या, “चल. ऑटो बघ.”

ऑटोत मी चार वेळा रेखाचा फोन लावला. बंद होता. मॅडम थर्मास मांडीवर धरून समोर बघत होत्या. मी मनातल्या मनात देवाशी काय काय सौदे करत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. होस्टेलच्या रेक्टरबाईंनी सांगितलं की ती शनिवारपासून जेवायलाच उतरलेली नाही, डोकं दुखतंय म्हणते. खोलीत दुसरी मुलगी आहे हे ऐकल्यावर मॅडमनी पहिल्यांदा श्वास सोडला. एका चिठ्ठीवर ‘मी बिरादार. खाली बसले आहे. घाई नाही’ असं लिहून वर पाठवलं आणि खोलीतल्या त्या दुसऱ्या मुलीला रेखापाशीच थांबायला सांगा, असं रेक्टरबाईंना बजावलं.

आम्ही भेटीच्या खोलीत तासभर बसलो. त्या तासात मॅडमनी दोनदा रेक्टरबाईंना वर पाठवून ती खोलीत आहे ना ते बघायला लावलं, पण तिला बोलावणं धाडलं नाही. शेवटी रेखा आली. केस विंचरलेले नव्हते. मला पाहून तिनं पाऊल मागं घेतलं. मॅडमनी तिला विचारलं, की हिनं बाहेर जावं का. तिनं खांदे उडवले. मग मॅडमनी थर्मासच्या झाकणात पाणी ओतून तिच्या हातात दिलं, खुर्ची जरा तिरकी करून घेतली आणि साध्या आवाजात विचारलं, “अव्वा, जीव द्यावा असं मनात येतं का?”

अव्वा म्हणजे कानडीत आई. उदगीरकडे पोरीबाळींना लाडानं असं म्हणतात. रेखानं पाण्याचा एक घोट घेतला. मग म्हणाली, हाव. मॅडमनी विचारलं कधीपासून, तर दिवाळीपासून. मग विचारलं, की हे कुणाला सांगितलंस.

रेखानं माझ्याकडे बोट केलं. “यांना सांगायला गेले होते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी आजपर्यंत पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, त्यातलं एकही मला शब्दशः आठवत नाही. हे आठवतं.

पुढचं सगळं मॅडमनी एकेक करून विचारलं. कधी जास्त येतं, कसं करायचं काही ठरवलं आहे का, हाताशी काही ठेवलं आहे का, ते आत्ता रेक्टरबाईंकडे देशील का. भाजीचा भाव विचारावा तसं नाही आणि रडवेल्या तोंडानंही नाही. डॉक्टर नाडी बघताना जसे गप्प आणि हजर असतात, तशा त्या होत्या. मग स्पष्ट सांगितलं, की हे आपल्यातच ठेवता येणार नाही, तुझ्या माणसांपैकी एकाला कळायलाच पाहिजे, मात्र कुणाला ते तू ठरव. रेखानं भोकरला दिलेल्या मोठ्या बहिणीचं नाव घेतलं. मॅडमच्या फोनवरून तिला तिथंच फोन लावला. बहीण येईस्तोवर आम्ही तिथंच बसलो, आणि दुसऱ्या दिवशी मॅडम दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेल्या.

त्या दिवशी होस्टेलवरून निघताना मॅडमनी रेखाच्या वहीवर आपला नंबर लिहिला आणि रोज सकाळी आठच्या आत एक मिस्ड कॉल द्यायचा असं सांगितलं. बोलायचं नाही, मी उचलणार नाही, वाजला की मला कळतं.

रेखानं विचारलं, “आन् न्हाई वाजला तर?”

“तर मी येते,” मॅडम म्हणाल्या.

परत येताना मला रडू आवरेना. मॅडमनी ऑटो वाटेत थांबवला आणि आम्ही एका रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. तिथं त्या जे बोलल्या ते त्यांनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. भूकंप झाला तेव्हा त्या नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या आणि किल्लारीच्या बाजूला पत्र्याच्या शेडमधून माणसांची विचारपूस करायला गेल्या होत्या. हातात एक फॉर्म होता. पहिला प्रश्न गाव, दुसरा घरात माणसं किती. ज्यांचं गाव उरलं नव्हतं त्यांना त्या गाव विचारत फिरल्या. एक बाई शेडबाहेर दगडावर बसलेली असायची. तिसऱ्या दिवशी ती मॅडमना म्हणाली, की आता माझं इथं काय काम राहिलंय. मॅडम घाबरल्या. त्या म्हणाल्या, असं बोलू नये मावशी, माहेर कोणतं तुमचं? बाईनं माहेर सांगितलं. ते नेमकं मॅडमच्या आजोळशेजारचं निघालं. दोघी माहेरच्या जत्रेविषयी बोलत बसल्या.

“मला लई बरं वाटलं,” मॅडम म्हणाल्या. “तिला न्हाई वाटलं.”

चौथ्या दिवशी दगडावर कुणी नव्हतं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उसाच्या रसाचे दोन पेले तसेच पडून होते. मग त्या म्हणाल्या, “तू गाव विचारलंस कारण तुला भीती वाटली. भीतीचं काही न्हाई. ती पोटात लिहायची, तोंडावर न्हाई आणायची.”

एकदा सकाळी काही कागद द्यायला मी त्यांच्या खोलीवर गेले. त्या पूजेला बसल्या होत्या, डाव्या तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. या वेळात त्यांना दारावरची थापही चालत नसे. पण पाटाशेजारी, फुलांच्या ताटलीला लागून फोन ठेवलेला होता. तो वाजला, एकदाच, आणि थांबला. मॅडमनी डोळे उघडले नाहीत. खांदे तेवढे जरा खाली आले आणि पूजा पुढे चालू झाली.

असे सात-आठ महिने गेले. रेखानं ती परीक्षा सोडली, औषधं घेतली, बहिणीकडे राहून बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. एक दिवस फोन वाजला नाही. मॅडम भोकरच्या बसमध्ये बसल्यासुद्धा, तेवढ्यात तिचाच फोन आला. कॉलेजच्या सहलीला निघायच्या गडबडीत ती विसरली होती, आणि आता असं विसरायला होऊन राहिलं म्हणून माफी मागत होती. मॅडम पुढच्या थांब्यावर उतरल्या, परत आल्या आणि विभागात सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही. बालाजीनं अंदाज बांधला की त्यांना प्रमोशन मिळालं असावं.

पुढे मी लातूरला नोकरीला लागले, परीक्षांच्या तयारीला येणाऱ्या मुलांशी बोलायचं हेच काम. मॅडम निवृत्त होऊन उदगीरला गेल्या. वर्षभरात त्यांचे यजमान गेले. अप्पा म्हणत त्यांना सगळे. मी पंधरा दिवसांनी भेटायला गेले. त्यानंतरही मॅडम सव्वा वर्ष होत्या, मग हृदयाच्या दुखण्यानं लातूरच्या दवाखान्यात वारल्या, मुलगी उशाशी होती. पण मी त्यांच्यापाशी शेवटचं धड बसले ते त्याच दुपारी.

दुकान बंद केलेलं होतं. वरच्या खोलीत मॅडम एकट्या होत्या, विभूतीच्या रेघा वाकड्या. मला बघून खूश झाल्या, पाणी दिलं, कामाचं विचारलं. घर फार आवरलेलं होतं. पुस्तकं वाटून टाकली होती, कपाटावर कोणतं काय कुणाला द्यायचं याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. थर्मास माझ्यासाठी पिशवीत घालून तयार होता. सगळं लावून झालं एकदाचं, असं त्या म्हणाल्या आणि हसल्या.

माझ्या पोटात गोळा आला. त्याच वेळी माझ्या तोंडात आलं, बंगळुरूची मुलगी कशी आहे, नातू किती मोठा झाला. किती सोपं होतं ते विचारणं. समोर माझ्या गुरू बसलेल्या, वयानं आईपेक्षा मोठ्या, आणि अप्पांना जाऊन पंधराच दिवस झालेले. मी खुर्ची थोडी तिरकी केली.

“मॅडम, जीव द्यावा असं मनात येतं का?”

त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. नोंद तपासताना बघायच्या तसंच.

“हाव, अव्वा,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी येतं.”

मग मी पुढचं विचारत गेले, त्यांनीच शिकवलेल्या क्रमानं, आणि त्या चांगल्या विद्यार्थिनीसारखी नेमकी उत्तरं देत गेल्या. मध्ये एकदा माझा एक प्रश्न राहून गेला तर त्यांनी त्याची आठवण करून दिली. हे अजून कुणाला सांगितलं, असं विचारल्यावर त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, की कुणी विचारलंच नाही, येणारा प्रत्येक जण अप्पांच्या गावाकडच्या पाहुण्यांचं बोलून जातो. मुलीला कळायला पाहिजे असं मी म्हटलं. त्यांनी माझ्यासमोर तिला फोन लावला आणि कानडीत खूप वेळ बोलल्या. मुलगी रात्रीच्या गाडीनं निघते म्हणाली. ती येईस्तोवर मी तिथंच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी लातूरच्या डॉक्टरांची वेळ घेऊनच निघाले. थर्मास मी नेला नाही. ओट्यावर, त्यांच्या हाताशी परत ठेवला.

पायऱ्या उतरण्याआधी मी म्हणाले, की उद्यापासून सकाळी आठच्या आत एक मिस्ड कॉल द्यायचा. बोलायचं नाही, मी उचलणार नाही.

मॅडम दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, दुसऱ्या हातात फोन. “आन् न्हाई वाजला तर?”

“तर मी येते.”

त्यांनी मान हलवली. वर्गात माझी पाळी चांगली झाली होती तेव्हा हलवली होती तशी. कोपऱ्यावर वळताना मी मागे पाहिलं तर त्या अजून दारातच होत्या, चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांजवळ धरून माझा नंबर शोधत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेसहापासून फोन समोर ठेवून बसले होते. चहा गार झाला. आठला वीस मिनिटं कमी असताना तो वाजला, एकदाच, आणि थांबला.